गॅप म्हणायचं न्हाई

"गॅप म्हणायचं न्हाई!"

आधी टेबलावर पंजा आपटायचा, मग हे वाक्य. समोर बसलेली गरोदर पोरगी, तिच्या मागं उभी सासू आणि दाराशी घुटमळणारा नवरा, तिघंही दचकायचे. "एक वर्ष गॅप घेऊ दे की तिला, मॅडम," एवढंच त्यांनी म्हटलेलं असायचं, तेही हळू आवाजात. "गॅप दातात असती," आमच्या डॉक्टरीणबाई गरजायच्या. "दातातली तरी आपोआप भरून आलेली बघितलीसा काय कवा? मग वर्षाची कशी भरंल? दुसरा शब्द काढा."

बाहेर बाकावर बसलेल्या जुन्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नव्या घाबरायच्या आणि आपण काय बोलायचं ठरवून आलोय ते मनातल्या मनात बदलायला लागायच्या.

मी समोरच्या कॉलेजात हेडक्लार्क आहे. आमच्या तालुक्याच्या गावात रस्त्याच्या एका अंगाला कॉलेज, दुसऱ्या अंगाला सरकारी दवाखाना. माझी खुर्ची खिडकीशी, त्यामुळं दवाखान्याचा व्हरांडा मला दिवसभर दिसतो आणि बाईंचा आवाज तर खिडकी लावली तरी यायचा. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे सांगतात. ऑफिसातले सांगत नाहीत, पण त्यांनाही माहीत आहे. हे लिहितानाही मी रागात आहे. तेव्हा कुठं एखादा शब्द जास्त लागला तर सांभाळून घ्या, नाहीतर नका घेऊ.

तुम्ही कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात जाऊन बघा. पहिल्या वर्षाच्या वर्गात मुलींचे बाक गच्च भरलेले असतात. मग शेवटच्या वर्षाच्या वर्गात डोकवा. मधल्या पोरी कुठं गेल्या? माझ्या खिडकीतून गेल्या, दाखला घेऊन. पोरगी एकटी कधी येत नाही. नवरा बोलतो नाहीतर सासरा बोलतो आणि ती फरशीकडं बघत उभी राहते. बरं, 'शिकू नको' असं आता कुणी म्हणत नाही. माणसं शहाणी झालीत. म्हणतात, "शिकू दे की, आमचं काय न्हाई. पण तिला चक्कर येती. दवाखान्याचा वार आणि प्रॅक्टिकलचा वार एकच. बाळाला कोण बघणार? एक वर्ष गॅप घेऊ दे, पुढच्या वर्षी येईल." पुढच्या वर्षी ती येते खरी, पण समोरच्या दवाखान्यात, दुसऱ्या बाळासाठी. कॉलेजकडं मान वळवूनसुद्धा बघत नाही. मी हे इतकी वर्षं बघत आलेय की माझं डोकं फिरायला आता फार काही लागत नाही.

अशात या बाई बदलून आल्या. शिरोळकडच्या, नदीकाठच्या जैन शेतकरी घरातल्या. अंगानं थोराड, सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे बूट. बोलणं रानात लांबवरच्या माणसाला हाक मारल्यासारखं. आमच्या भागात बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याहून आलेल्या आमच्या एका प्राध्यापकांना पहिला महिनाभर फोनवर बाई बोलतेय का बुवा तेच कळत नव्हतं. बाईंचं तर त्यात आणखी ठसक्यात. "आधी मी सांगतो ते ऐक, मग सासूचं ऐक." सगळ्या बायका त्यांच्यासाठी आक्का. विशीतली पोरगीही आक्का आणि तिची सासूही आक्का.

त्यांची एक गोष्ट साऱ्या तालुक्याला पाठ होती. सूर्य मावळायच्या आत जेवायचं. घरचा नेम होता तो, त्यात बदल नाही. दिवस कलला की टेबलावरचं सगळं बाजूला आणि डबा पुढ्यात, मग समोर पेशंट असो नाहीतर साहेब असो. "सूर्य माझ्यासाठी थांबत न्हाई, तू थांबशील. सांग, उलट्या कवापास्नं हायत?" हातात भाकरीचा तुकडा, नजर पोरीच्या तोंडावर आणि मध्येच, "खालची पापणी वड बघू. आगं, पांढरी फटक! रगात हाय का ताक?" मग डब्यातला शेंगदाण्याचा लाडू त्या पोरीच्या तळहातावर. ती खाईपर्यंत पुढचं काही बोलायच्या नाहीत.

स्नेहल आमच्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या वर्षाला असतानाच, दिवाळीनंतर, लग्न झालं. सासर डोंगराच्या अंगाला, एसटी जिथं वळून परत फिरते त्या गावात. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताला असं वळण होतं की आमचे सर इतरांना "स्नेहल कशी करते ते बघा" म्हणायचे. तिला शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. दुसरं काही नाही, तेवढंच. पुढच्या दिवाळीच्या सुमाराला तिचे दिवस भरले.

बाळंतपण दुपारी समोरच झालं. मुलगी झाली. मी बाळ बघायला म्हणून रस्ता ओलांडून गेले आणि व्हरांड्यातच अडकले, कारण आत रक्त थांबत नव्हतं. नर्स आत-बाहेर पळत होत्या आणि बाईंचा आवाज एकदम खाली आला होता. जिचं बोलणं बंद खिडकीतून ऐकू येतं ती बाई हळू बोलायला लागली, तेव्हा मी ऑफिसात परत जायचं सोडून तिथंच बाकावर बसले. स्नेहलची सासू भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात. रडत नव्हती, नुसती दाराकडं बघत होती.

बाहेरचं ऊन पिवळं झालं, भिंतीवरून सरकत गेलं आणि संपलं. डबा टेबलावर तसाच.

बाई बाहेर आल्या तेव्हा दिवे लागले होते. "थांबलं," एवढंच म्हणाल्या आणि बाकावर मट्‌कन बसल्या. सासूनं नातीला माझ्या हातात दिलं, आत गेली, डबा आणून बाईंच्या पुढं धरला.

"खावा की मॅडम. दुपारधरनं उभ्या हायसा."

"सूर्य गेला की आक्का. आता उद्या."

सासू डब्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या पोरीपायी उपाशी ऱ्हायलासा." सुनेपायी नाही म्हणाली, पोरीपायी म्हणाली. मी माझ्या कानानं ऐकलं.

तर अशी ही सासू. तिला वाईट म्हणणाऱ्याशी मी भांडेन. आणि तरी घोटाळा केला तो तिनंच.

स्नेहलला घरी सोडताना बाईंनी तिला बजावलं, "रगात लई गेलंय. आता कमीत कमी तीन वर्षं गॅप ठेवायची. ऐकलं काय आक्का? गॅप!" सासू म्हणाली, "व्हय मॅडम." पुढच्याच आठवड्यात ती माझ्या खिडकीशी हजर.

"स्नेहलचा दाखला द्या. तीन वर्षं गॅप घ्यायची हाय."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईनी."

"त्या असं सांगणार नाहीत."

"मी काय खोटं बोलालोय व्हय? त्यास्नीच जाऊन इचारा की!"

मी उठले ती तडक रस्त्यापलीकडं. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. इतर लोकांनी पोरींचं कॉलेज सोडवलं तर समजू शकते, पण या बाईनं? मी दारातूनच ओरडले, "तुम्हीसुद्धा?" त्यांनी मला बसवलं, काय झालं ते ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. मग गळ्यातल्या स्टेथोस्कोपसकट निघाल्या. उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्याला हात दाखवून थांबवला आणि रस्ता ओलांडून आमच्या खिडकीशी आल्या.

"आक्का, गॅप पोरात ठेवायची म्हटलं मी! पुस्तकात न्हवं!"

सासू तसूभर मागं सरली नाही. "मग तसं म्हणायचं की! पाळणा लांबवा म्हणायचं! कॉलेजातली माणसं गॅप म्हणत्यात, दवाखान्यातली माणसंबी गॅप म्हणत्यात. आमी कुठली धरायची?"

आमचं सगळं ऑफिस खाली मान घालून हसत होतं. बाईंनी कमरेवर हात ठेवले, सासूकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर हाय तुझं. चुकलं माझं. आजपास्नं ह्यो शब्द बंद." तर टेबलावरच्या त्या पंजाची गोष्ट ही अशी. त्या दिवसापासून तो शब्द त्यांनी स्वतः काढला नाही आणि दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही.

तिथून बाई घरी गेल्या असत्या तर त्या बाई कसल्या? सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरल्या. मी मागं.

"सर, ही पोरगी हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसणार न्हाई, असं कानावर आलंय."

"मॅडम, नियम आहे. बाळंतपणासाठी आमच्याकडं वेगळी सवलत नाही."

"क्रिकेट खेळणाऱ्या पोरास्नी हाय?"

"खेळाडूंना आहे, हो."

"मग हिला खेळाडू म्हणा. बॅट घेऊन पाय मुरगाळला तर सवलत आणि बादलीभर रगात सांडून परत आली तर न्हाई? कसला नियम म्हणायचा ह्यो?"

सर फॅनकडं बघायला लागले. शेवटी डॉक्टरी सर्टिफिकेटवर हजेरी धरायचं कबूल केलं, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं. बाई उठता उठता म्हणाल्या, "आणि तुमच्या प्रॅक्टिकलचा वार बदलू नका. मी माझा बदलतो."

बदलला. कॉलेजच्या पोरींची तपासणी सकाळी, वर्ग भरायच्या आधी. रक्त तपासणं, लोहाचं सलाईन, बाळाचे डोस, पाळणा लांबवायची तांबी, जे काय असेल ते उरकायचं आणि पोरगी घंटेला वर्गात. बाळ आणि सासू व्हरांड्यात. बाईंनी कुठूनतरी एक लोखंडी पाळणा आणून तिथं टाकला. मधल्या सुट्टीत पोरी पळत रस्ता ओलांडायच्या, बाळाला पाजायच्या आणि पदर नीट करत परत पळायच्या. सासवा कुरकुरायला लागल्या की बाई त्यांचा दंड धरायच्या. "बसलासाच हाय तर हात द्या इकडं. बीपी बघतो." मग काय! सासवांच्या साखरेच्या, गुडघ्यांच्या, चष्म्यांच्या गप्पा तिथं रंगायला लागल्या. घरी कुणी विचारत नव्हतं ते इथं डॉक्टर स्वतः होऊन विचारत होती. "उद्या कॉलेज हाय न्हवं?" असं सासूच सुनेला विचारायला लागली. मी माझ्या कानानं ऐकलंय, म्हणून सांगते.

त्या वर्षी दाखला मागायला आलेल्या प्रत्येक नवऱ्याला मी खिडकीतूनच समोर बोट दाखवायची. "आधी तिकडं जाऊन या." बरेचसे परत आलेच नाहीत. पोरी मात्र वर्गात आल्या. स्नेहलला लोहाची सलाईनं लागली, सव्वा महिन्यानं तांबी बसवली, चक्कर थांबली आणि ती दुसरं वर्ष पास झाली. पहिल्या वर्गात. पेढे घेऊन आली ती आधी समोर गेली, मग माझ्याकडं आली. मला त्याचा जराही राग आला नाही. मला राग न येण्याचे प्रसंग कमी, म्हणून हा लक्षात आहे.

सगळ्यांना हे गोड लागलं असं समजू नका. गावातले काही शहाणे पारावर बोलायचे, "ही बाई सुना बिघडवती. तांबी बसवून वंश थांबवती." एकानं हे त्यांच्या तोंडावर म्हटलं. बाई जेवत होत्या. घास गिळून म्हणाल्या, "थांबवत न्हाई पावणं. जरा दम खाऊ देतो. तुमी जनावराला देतासा की न्हाई?"

उन्हाळ्यात त्यांच्या बदलीचा कागद आला. प्रशासकीय कारणास्तव. कुठं, तर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि त्यांच्या जागी? कुणी नाही. पद रिक्त. एक चालतं काम मोडायला एवढे चार शब्द पुरतात आणि ते लिहिणाऱ्याला रात्री झोपही नीट लागते. मला त्याचं नाव माहीत नाही, हे त्याचं नशीब.

निरोपाचा कार्यक्रम आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. नियम सांगणाऱ्या सरांनी 'मातृशक्ती'वर भाषण केलं. मग शाल आणि नारळ घेऊन ते पुढं झाले. बाई म्हणाल्या, "नारळ तर तुमी मला दिलासाच की." हॉल हसला. त्या हसल्या नाहीत. "माझ्या जागंवर कोण येणार ते सांगा. मग शाल घेतो." पहिल्या रांगेत बसलेले पुढारी फोनमध्ये बघायला लागले. शाल टेबलावर राहिली.

जाताना त्या माझ्या खिडकीशी आल्या. मला वाटलं काहीतरी सांगतील. त्यांनी आत हात घातला आणि माझी खालची पापणी ओढून बघितली. "तुमचंबी रगात कमीच हाय, क्लार्कबाई. नुसत्या रागावर किती दिवस काढणार?" आणि गेल्या. मी खिडकी लावून घेतली आणि रडले, हे कुणाला माहीत नाही.

सकाळची तपासणी दुसऱ्या दिवसापासून बंद. दुसऱ्या गावचे एक डॉक्टर अधूनमधून येतात, सह्या करतात, जातात. त्यांच्यावर दोन दवाखाने आहेत, ते तरी काय करणार? पाळणा आधी भिंतीशी सरकवला, मग त्यात खोकी ठेवली. सासवा यायच्या थांबल्या. येऊन करणार काय?

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं, स्नेहल शेवटच्या वर्षाला बसली आणि तांबीचा त्रास सुरू झाला. कळा यायच्या, अंगावर जायचं. सासूच तिला दवाखान्यात घेऊन आली. नर्स एकटी. तिनं त्रास बघून तांबी काढली आणि सांगितलं, "नवीन डॉक्टर आले की दुसरं काय ते बघू." नवीन डॉक्टर आले नाहीत. दोघी एकदा कोल्हापूरला गेल्या. पहाटेची एसटी, कडेवर पोर, प्रॅक्टिकल बुडवून. गर्दीत नंबर लागेपर्यंत परतीची गाडी सुटायची वेळ झाली. परत जायचं ठरत ठरत राहून गेलं. तुम्ही विचाराल, नवऱ्याला काय झालं होतं? मीही विचारलं. त्याला वाटत होतं, हे बायकांच्या दवाखान्यातलं काम आहे. शिकलेला आहे हो तो, डिप्लोमावाला.

गणपती झाले आणि स्नेहल माझ्या खिडकीशी आली. एकटी. इतक्या वर्षांत दाखला मागायला एकटी आलेली ही पहिली.

"दाखला द्या मॅडम. मला कुणी पाठवलं न्हाई. मीच आलो."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि समजले, पुन्हा दिवस गेले होते. पापणी ओढायचीही गरज नव्हती.

"सासू काय म्हणते?"

"त्या न्हाईच म्हणत्यात. भांडून आलोय." ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती. "मागच्या बारीला बाई होत्या म्हणून मी हाय मॅडम. आता जिन्यावर चक्कर आली, पडलो, तर कोण हाय इथं? मला भ्या वाटतंय. माझ्यामागं पोरगी हाय."

काय सांगणार तिला? धीर धर? कुणाच्या जिवावर?

मी दाखला लिहायला घेतला. त्यात एक रकाना असतो, कॉलेज सोडण्याचं कारण. वर्षानुवर्षं आम्ही तिथं एकच लिहितो, 'घरगुती कारणास्तव'. माझा हात सवयीनं 'घ' काढायला गेला आणि थांबला. घरात काय झालं होतं? सासू शिक म्हणत होती. पोरीला शिकायचं होतं. मी लिहिलं, 'तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नाही.' आणि सरांच्या पुढं नेऊन ठेवलं.

"हे काय लिहिलंय? असं लिहितात का? खोडा आणि घरगुती लिहा."

"घरात काही झालेलं नाही सर."

"मी असल्या कागदावर सही करणार नाही."

"नका करू. मी दुसरा लिहिणार नाही."

निवृत्तीला माझी थोडीच वर्षं उरलीत, काय करायचं ते करा म्हटलं. कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला, तो आजही तिथंच आहे. सही नाही म्हणून दाखला नाही. दाखला नाही म्हणून नाव पटावर आहे.

मी बाहेर येऊन स्नेहलला सांगितलं, "मिळाला नाही. जा, प्रॅक्टिकलला बस." ती माझ्याकडं बघून रडली का हसली ते मला नीट कळलं नाही. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत, ती वर गेली. आमच्या शिपायाला मी तिच्या मागं पाठवलं. आता रोज पाठवते.

बाईंना मी फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग त्या एवढ्या मोठ्या आवाजाची बाई हळू म्हणाली, "रगात बघून घ्या तिचं. कुणाकडनं तरी बघून घ्या."

येत्या मार्चमध्ये स्नेहलची शेवटची परीक्षा आहे. मार्चमध्येच तिचे दिवस भरतात. बाक खालच्या मजल्यावर घेईन, तिच्या पोरीला माझ्या ऑफिसात ठेवीन, सरांशी रोज भांडेन, परीक्षेचं सगळं मी बघते. बाळंतपणाचं कोण बघणार, ते मला कुणीतरी सांगा.